हापूसच्या पेटीतला संगणक

(रेडिओवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

२०१३ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. आंब्याचा हंगाम उतरणीला लागला होता आणि दुपारनंतर आभाळ भरून यायला सुरुवात झाली होती. मी रत्नागिरीत संगणक दुरुस्तीचं काम करतो. दुकानापुढे रिक्षा थांबली आणि पावसच्या बाजूचे एक ओळखीचे बागायतदार काका हापूसची मोठी पेटी सांभाळत खाली उतरले. मी मनातल्या मनात खूश झालो. पेटी उघडली तर आत पेंढ्यात अगदी निगुतीनं बसवलेला सीपीयू! "रस्त्याला खड्डे आहेत, म्हटलं धक्का नको लागायला," काका म्हणाले.

त्यांची तक्रार तेव्हा घरोघरी ऐकू येणारी होती. पेन ड्राइव्ह लावला की त्यातल्या सगळ्या फोल्डरांवर बाण यायचा. फोल्डर नाहीसा होऊन त्या जागी नुसता शॉर्टकट उरायचा. "पुतण्यानं एमएस-सीआयटी केलंय. तो म्हणतो, व्हायरस आहे. अँटिव्हायरस म्हणतो, काही नाही, सगळं हिरवं. आता खरं कोणाचं मानायचं रे?"

त्या पेटीत काकांची अकरा वर्षांची वही होती. मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांचे पत्ते, कोणाला किती डझन पाठवले, कोणाचे पैसे यायचे राहिलेत, वाशीच्या दलालाचा हिशेब, सगळं एक्सेलमध्ये. दुसरी प्रत कुठे ठेवलीय का, असं विचारलं तर त्यांनी खिशातून तोच बाणवाला पेन ड्राइव्ह काढला. शिवाय बँकेचे ऑनलाइन व्यवहारही त्याच संगणकावरून चालू होते, आणि हंगामाचे पैसे खात्यात यायचे ते याच दिवसांत.

मी संगणक सुरू केला. अँटिव्हायरस खरंच हिरवा होता. पूर्ण तपासणी लावली, निकाल शून्य. मग सहज अँटिव्हायरस कंपनीची वेबसाइट उघडायला गेलो, तर ती उघडेना. दुसऱ्या कंपनीची उघडेना. वर्तमानपत्रांच्या साइट मात्र झटक्यात उघडत होत्या. सगळी बाजारपेठ उघडी आणि नेमकी औषधांचीच दुकानं बंद! तेव्हा मी पहिल्यांदा इंटरनेटची वायर काढली आणि काकांना म्हटलं, "पुतण्या बरोबर बोलतोय."

आता प्रश्न असा, की अँटिव्हायरस खोटं बोलत होता का? नाही, तो बिचारा प्रामाणिकच होता. त्याला जे दाखवलं जात होतं तेवढंच तो बघत होता.

समजा, तुमच्या पेढीवर हिशेबाच्या सगळ्या वह्या एका दिवाणजीच्या ताब्यात आहेत. तुम्ही तपासनीस बोलावलात. तपासनीस हुशार आहे, पण त्याला कपाटाला हात लावायची परवानगी नाही. तो वही मागणार आणि दिवाणजी आणून देणार. दिवाणजीच लबाड निघाला तर? तो शंभर वह्या आणून देईल आणि एकशे एकावी कपाटामागे सरकवून ठेवील. तपासनीस शंभर वह्या बारकाईनं तपासून सही करील, "हिशेब चोख आहे."

संगणकातला दिवाणजी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी विंडोज. कोणत्याही प्रोग्रॅमला डिस्कवरची फाइल हवी असली तर तो स्वतः डिस्कपाशी जात नाही. तो विंडोजकडे मागणी करतो, "या फोल्डरमध्ये काय काय आहे ते सांग," आणि विंडोज यादी देते. लपणारा व्हायरस नेमका या देवघेवीच्या मध्ये येऊन बसतो. यादी त्याच्या हातून जाते आणि जाता जाता तो त्यातून स्वतःचं नाव पुसतो. अशा प्रोग्रॅमांना रूटकिट म्हणतात. काही रूटकिट विंडोजच्या अगदी गाभ्यात शिरतात, काही वरवरच्या थरात बसतात, पण परिणाम एकच. ज्याच्यावर संशय आहे त्याच्याच हातून तपासाची कागदपत्रं येतात.

ही लबाडी नवी नाही. पीसीवरचा पहिला व्हायरस म्हणून ज्याची नोंद आहे तो 'ब्रेन', १९८६ सालचा, लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला. तो फ्लॉपीच्या पहिल्या कप्प्यात, म्हणजे बूट सेक्टरमध्ये जाऊन बसे आणि तिथला मूळ मजकूर दुसरीकडे हलवून ठेवी. कोणी पहिला कप्पा तपासायला गेलं की हा गुपचूप तो हलवलेला मूळ मजकूर पुढे करी. बघणाऱ्याला वाटे, सगळं जागच्या जागी आहे. म्हणजे जन्मतःच हे पोर लपायला शिकून आलं होतं.

आणि आपल्याकडचा व्हायरस तर याच्या पुढचा. त्याचं नाव 'जोशी'! १९९० साली तो भारतात सापडला. दर वर्षी ५ जानेवारीला संगणक अडून बसायचा आणि पडद्यावर मागणी यायची, 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करा. टाइप केलं की संगणक मुकाट्यानं पुढे चालू. आमच्या रत्नागिरीत जोशी काही कमी नाहीत, त्यामुळे त्या दिवशी कार्यालयाकार्यालयांतून बिचाऱ्यांना काय काय ऐकावं लागलं असेल याची मी नुसती कल्पना करतो.

गंमत बाजूला ठेवू, कारण जोशी व्हायरसची खरी करामत वेगळीच होती. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट या तीन कळा एकदम दाबल्या की संगणक नव्यानं सुरू होतो, ही तेव्हाची सवय. जोशी मेमरीत बसून या कळांवर लक्ष ठेवी आणि संगणक नव्यानं सुरू झाल्याचं दिसलं तरी स्वतः मेमरीतून हलत नसे. त्यामुळे त्याला काढायचा विश्वासाचा मार्ग एकच होता. बटण बंद करून वीज पूर्ण तोडायची, म्हणजे मेमरी रिकामी होते. मग खात्रीच्या, स्वच्छ फ्लॉपीवरून संगणक सुरू करायचा आणि तपासणीचा प्रोग्रॅम त्या फ्लॉपीवरूनच चालवायचा. फ्लॉपीसुद्धा लिहिण्यासाठी बंद केलेली हवी. सव्वापाच इंची मोठ्या फ्लॉपीच्या कडेला एक खाच असे. ती चिकटपट्टीनं झाकली की त्या फ्लॉपीवर कोणालाच काही लिहिता येत नसे, व्हायरसलाही नाही. ज्यांनी नव्वदच्या दशकात संगणक वापरलेत त्यांना टेबलाच्या खणातली ती एक 'हात लावू नये' असं लिहिलेली फ्लॉपी आठवत असेल.

रेस्क्यू डिस्क म्हणजे त्याच फ्लॉपीची पुढची पिढी. फ्लॉपी गेली, सीडी आली, आता सीडीचा ड्राइव्हही नव्या लॅपटॉपमधून नाहीसा झाला आणि पेन ड्राइव्ह उरला, पण कल्पना तीच. आधी दिवाणजीला झोपवायचं, म्हणजे विंडोज सुरूच करायची नाही. डिस्कवर स्वतःची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम असते, बहुधा लिनक्स, आणि तिच्या सोबतीला तपासणीचा प्रोग्रॅम. संगणक त्या डिस्कवरून जागा होतो. विंडोजचा सगळा पसारा त्या वेळी हार्ड डिस्कवर निपचित पडलेला असतो. व्हायरसही त्यातच असतो, पण तो नुसती एक फाइल म्हणून. चालू नसलेला व्हायरस यादीतून नाव पुसू शकत नाही. बाहेरचा तपासनीस थेट कपाट उघडतो आणि एकशे एकावी वही समोर येते.

या धंद्यात महाराष्ट्राचा हात मोठा आहे, हे आपल्या लोकांना फारसं ठाऊक नसतं. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले आणि पुढे त्यांनी स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. कॅल्क्युलेटरपाठोपाठ संगणक दुरुस्तीला येऊ लागले आणि त्यातले कितीतरी व्हायरसनं बिघडलेले असत. धाकटा भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होता. त्यानं ते व्हायरस काढायचे प्रोग्रॅम लिहायला घेतले. त्या दुकानातून 'कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस' उभी राहिली, तिचं २००७ मध्ये 'क्विक हील टेक्नॉलॉजीज' झालं आणि २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात गेली. मला या गोष्टीतला आवडणारा भाग शेअर बाजाराचा नाही. दुरुस्तीच्या टेबलावर जो रोज व्हायरस बघतो त्यालाच औषधाची गरज आधी कळते, हा आहे. त्यांच्या अँटिव्हायरसमध्ये 'इमर्जन्सी डिस्क' बनवायची सोय दिलेली असे, ती याच जातीची. मुंबईच्या 'मायक्रोवर्ल्ड' कंपनीच्या 'ई-स्कॅन'नंही लिनक्सवर चालणारी रेस्क्यू डिस्क दिली.

पुन्हा काकांच्या पेटीकडे येऊ. मी त्या दिवशी कॅस्परस्की कंपनीची मोफत रेस्क्यू डिस्क वापरली. पहिली गोष्ट, डिस्क दुकानातल्या दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर बनवली. आजारी संगणकावर डिस्क बनवणं म्हणजे त्या लबाड दिवाणजीलाच तपासनीस निवडायला सांगण्यासारखं आहे. दुसरी गोष्ट, डिस्कची फाइल कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच घेतली. कुठल्यातरी भलत्या ठिकाणी मोफत मिळतेय म्हणून घेतली तर औषधाच्या बाटलीतच विष निघू शकतं. मग ती सीडीवर लिहिली. सीडी एकदा लिहून बंद केली की त्यावर व्हायरसला शिरकाव नाही, पूर्वीच्या चिकटपट्टी लावलेल्या फ्लॉपीसारखीच.

संगणक त्या सीडीवरून सुरू व्हायला बूट मेनू उघडावा लागतो. सुरू होतानाच एफ १२, एफ ९ किंवा एस्केप यांपैकी कंपनीनं ठरवलेली कळ दाबत राहायची. इथं अनेकांची गाडी अडते. कळ एका क्षणानं उशिरा दाबली गेली की विंडोज सुरू होते आणि पुन्हा पहिल्यापासून. मलाही तिसऱ्या खेपेला जमलं.

लिनक्सचा पडदा आल्यावर मी तपासणी सुरू केली नाही. आधी काकांच्या सगळ्या एक्सेल फाइल, फोटो, पत्रं एका रिकाम्या डिस्कवर उतरवून घेतली. फक्त कागदपत्रं, एकही प्रोग्रॅम नाही. तपासणी करणारा प्रोग्रॅम शेवटी यंत्रच आहे, त्याच्याकडूनही चूक होते, आणि अकरा वर्षांची वही पणाला लावून व्हायरस काढण्यात शहाणपण नाही. इंटरनेटची वायर परत जोडली ती याच वेळी. विंडोज झोपलेली असल्यामुळे आता व्हायरसला बाहेर कोणाशी बोलता येणार नव्हतं, आणि तपासनिसाला व्हायरसांची ताजी यादी हवी होती. जुन्या यादीवर नवा चोर सापडत नाही.

तपासणी संध्याकाळी साडेचारला लागली. सहाच्या सुमारास वळवाचा पाऊस आला आणि कोकणातल्या रिवाजाप्रमाणे वीज गेली. यूपीएस होता म्हणून निभावलं. सफाई चालू असताना मध्येच वीज गेली आणि एखादी महत्त्वाची फाइल अर्धवट लिहिली गेली तर विंडोज पुन्हा उभीच राहणार नाही, अशी वेळ येऊ शकते. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच बसावं. काका बाकावर बसून होते. दर दहा मिनिटांनी विचारायचे, "सापडला काय?"

साडेसातच्या पुढे सापडला. काकांच्या नावाच्या फोल्डरमध्ये, विंडोजमधून बघताना जिथं काहीच दिसत नव्हतं तिथं, अर्थहीन अक्षरांच्या नावाची एक फाइल होती. निदान होतं 'डॉर्कबॉट'. २०११ पासून पसरलेला हा प्रकार पेन ड्राइव्हवरचे फोल्डर लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवायचा, अँटिव्हायरस कंपन्यांच्या वेबसाइट बंद पाडायचा आणि स्वतःची फाइल यादीतून गाळायचा. हे सगळं आडोशाचं काम. मुख्य काम होतं वेगवेगळ्या वेबसाइटवर टाइप केलेली नावं आणि पासवर्ड चोरणं. २०१५ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टनं निरनिराळ्या देशांच्या तपास यंत्रणांबरोबर त्याचं जाळं तोडलं, तेव्हा १९० हून अधिक देशांतले दहा लाखांवर संगणक त्यानं धरले होते असं जाहीर झालं. त्यातलाच एक पावसच्या रस्त्यानं पेंढ्यात बसून माझ्याकडे आला होता.

अशा वेळी 'सगळं डिलीट करा' या बटणावर हात जातो. तो आवरावा. व्हायरस कधी कधी विंडोजच्याच एखाद्या आवश्यक फाइलला चिकटलेला असतो. आधी दुरुस्ती करून बघावी, ते जमलं नाही तर क्वारंटाइन, म्हणजे फाइल वेगळी बंद करून ठेवावी, आणि अगदीच निरुपयोगी दिसली तर शेवटी काढून टाकावी. २०१० च्या फेब्रुवारीत याचा एक जगभर गाजलेला अनुभव आला होता. मायक्रोसॉफ्टनं विंडोजची एक नेहमीची सुधारणा पाठवली आणि अनेकांचे संगणक निळा पडदा दाखवून बंद पडू लागले. लोकांनी कंपनीला शिव्या घातल्या. चौकशीत निघालं ते असं, की त्या संगणकांत 'अल्युरिऑन' नावाचा रूटकिट आधीपासून गाभ्यात बसला होता. सुधारणेमुळे विंडोजची आतली रचना थोडी हलली आणि रूटकिटचा पाय घसरला. तोपर्यंत मालकांना पत्ताच नव्हता.

आणि लपवाछपवी फक्त चोरच करतात असंही नाही. २००५ मध्ये मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाला स्वतःच्याच संगणकात रूटकिट सापडला. तो आला होता सोनी बीएमजीच्या, दुकानातून रीतसर विकत घेतलेल्या गाण्यांच्या सीडीवरून. गाण्यांच्या नकला होऊ नयेत म्हणून कंपनीनं तो घातला होता. ठरावीक खुणेनं नाव सुरू होणारी कोणतीही फाइल तो लपवायचा. महिना उलटायच्या आत व्हायरस लिहिणाऱ्यांनी आपल्या फाइलींना तीच खूण लावायला सुरुवात केली. फुकटचा आडोसा! कंपनीला त्या सीडी परत घ्याव्या लागल्या.

रात्री साडेनऊला काकांचा संगणक विंडोजमध्ये सुरू झाला आणि अँटिव्हायरसच्या वेबसाइट उघडल्या. पेन ड्राइव्ह लावला. बाण होतेच, पण ते नुसते टरफल होतं. मूळ फोल्डर कुठेही गेलेले नव्हते, त्यांच्यावर 'लपलेले' असा शिक्का मारून ठेवला होता. 'अ‍ॅट्रिब' नावाची जुनी डॉसची आज्ञा आहे, तिनं तो शिक्का पुसता येतो. एक ओळ टाइप केली आणि अकरा वर्षं एकामागून एक पडद्यावर उभी राहिली. काका काही बोलले नाहीत, फक्त चष्मा पुसला.

पण मी त्यांना लगेच घरी पाठवलं नाही. व्हायरस गेला म्हणजे त्यानं नेलेलं परत आलं असं होत नाही. बँकेचा, ई-मेलचा, सगळेच पासवर्ड बदलायला हवे होते, आणि जुने पासवर्ड चोराकडे आहेत असं धरूनच चालायला हवं होतं. ते काम दुकानातल्या दुसऱ्या संगणकावर केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काका बँकेत जाऊन पासबुक भरून आले. सुदैवानं एकही पैसा हललेला नव्हता.

रेस्क्यू डिस्क सर्व रोगांवरचं औषध नाही, हेही सांगायला हवं. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रकार, एकदा काम उरकून बसला की डिस्क त्या प्रोग्रॅमला काढील, पण कुलूप उघडणार नाही. तिथं फक्त वेगळी ठेवलेली प्रतच उपयोगी पडते. २०१८ मध्ये 'लोजॅक्स' नावाचा प्रकार उघडकीला आला. तो हार्ड डिस्कवर नाही तर मदरबोर्डवरच्या चिपमध्ये जाऊन बसत होता. हार्ड डिस्क बदलली तरी तो तिथंच. असे प्रकार विरळा असतात आणि आपल्यासारख्या सामान्य माणसाच्या वाट्याला सहसा येत नाहीत.

नव्या संगणकांत आणखी एक अडचण आहे. विंडोज ११ च्या अनेक संगणकांत डिस्कवरची माहिती आपोआप बिटलॉकरच्या कुलपात असते. बाहेरून आलेल्या तपासनिसाला तेही कपाट बंद दिसतं. त्यासाठी ४८ आकडी रिकव्हरी की लागते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, गरज पडायच्या आधीच शोधून कागदावर लिहून ठेवावी. शिवाय विंडोज हल्ली नेहमीसारखी बंद केली तरी पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते. शिफ्टची कळ दाबून धरून शट डाउन केलं की ती पुरती बंद होते आणि मगच बाहेरच्या डिस्कनं हात घालावा.

एवढी खटपट नको असेल तर विंडोज १० आणि ११ मध्येच 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' ही सोय आहे. विंडोज सिक्युरिटी उघडून स्कॅनच्या पर्यायांत ती सापडते. संगणक बंद होऊन वेगळ्या पडद्यावर सुरू होतो, साधारण पंधरा मिनिटं तपासणी करतो आणि परत येतो. घरच्या घरी पहिली पायरी म्हणून उत्तम. माझं मत विचाराल तर ती आहे त्याच घरातल्या दुसऱ्या खोलीत बसलेल्या तपासनिसासारखी, कारण ती त्याच डिस्कवरून सुरू होते. संशय दाट असेल तर बाहेरचाच माणूस बोलवावा. सरकारचं सायबर स्वच्छता केंद्रही २०१७ पासून मोफत सफाईची साधनं देतं. त्यात वर सांगितलेल्या दोन्ही महाराष्ट्रातल्या कंपन्यांची साधनं आहेत.

तीन आठवड्यांनी, ऐन पावसात, काका पुन्हा दुकानात. या वेळी पेटी नव्हती, फक्त पेन ड्राइव्ह होता, आणि त्यावर पुन्हा बाण. संगणकाला अजून लावलेला नव्हता, एवढं शहाणपण त्यांनी केलं होतं. गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची यादी छापून घ्यायला ते पेन ड्राइव्ह एका झेरॉक्सच्या दुकानात देत. दिवसाला शंभर पेन ड्राइव्ह जिथं लागतात तो संगणक आपण कोणी तपासलाच नव्हता. मी सीडी घेऊन रात्री दुकान बंद व्हायच्या वेळेला तिथं गेलो. बावीस फाइली सापडल्या.

ती सीडी काकांनी मागून नेली आणि रिकाम्या हापूसच्या पेटीत जपून ठेवली. पुढच्या पावसाळ्यात तिच्यावर बुरशी आली. तसंही तिच्यावरची यादी तोवर वर्षभर जुनी झाली होती. मी त्यांना नवी करून दिली.